बेरीज कुठे थांबते

सहाव्या लेव्हलचा एक फायटर आहे. ऑर्कांच्या टोळ्या, तळघरातले सांगाडे, एखादा कोवळा ड्रॅगन असं सगळं निस्तरून त्याच्या नावावर 14,000 एक्सपी जमले आहेत. सातव्या लेव्हलला 23,000 लागतात. वाटेत कधीतरी त्याच्या मनात येतं, आता पुढची लेव्हल फायटरची घ्यायची नाही, जादू शिकायची. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं 2014 चं 'प्लेयर्स हँडबुक' त्याला अडवत नाही. फक्त विझर्डची ती पहिली लेव्हल त्याला सातव्या लेव्हलच्या भावाने लावतं. खेळाच्या पहिल्याच दिवशी विझर्ड झालेल्या पोराला जी शून्य एक्सपीत मिळाली, ती या मुरलेल्या माणसाला 9,000 ला पडते. आणि हातात येते तीही जरा खुडलेलीच.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी इतकंच: टेबलाभोवती चार-पाच जण, प्रत्येकाचं एक पात्र, उरलेलं सगळं जग चालवणारा एक डीएम, आणि जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा. पात्राचा पेशा म्हणजे क्लास. त्या पुस्तकात बारा क्लास आहेत. अनुभव, म्हणजे एक्सपी, साठला की लेव्हल चढते, जास्तीत जास्त विसापर्यंत, आणि चढताना दर वेळी काहीतरी नवं मिळतं. एकाच पात्राला दोन पेशे करायचे असतील तर त्याच वीस लेव्हल दोघांत वाटायच्या. यालाच मल्टिक्लासिंग म्हणतात. याचे नियम सहाव्या प्रकरणात, तीन-चार पानांत, तेही ऐच्छिक म्हणून दिलेले आहेत. डीएम हो म्हणाला तर.

माइक मर्ल्स आणि जेरेमी क्रॉफर्ड यांच्या देखरेखीखाली लिहिलेल्या या पुस्तकात एल्फांचं, देवांचं, दूरच्या शहरांचं वर्णन हात सैल सोडून केलेलं आहे. या तीन-चार पानांत मात्र भाषा एकदम हिशेबनिसाची होते. विशेषणं जवळपास नाहीत. बहुतेक खेळाडू ही पानं फटी शोधायला वाचतात, आणि त्यात वावगं काहीच नाही. करारही लोक तसेच वाचतात. पण सावकाश वाचलं तर जाणवतं की हा सगळा मजकूर एकाच प्रश्नाभोवती फिरतोय: एका माणसात दोन विद्या आल्या तर त्यांतलं काय एकमेकांत मिळतं आणि काय शेजारी शेजारी पडून राहतं? प्रत्येक परिच्छेद या प्रश्नाचं एकेक उत्तर आहे. समतोलाच्या नावाखाली केलेलं हे काम मला माणसाबद्दलचं एक म्हणणंच वाटतं.

आधी, काय मिळतं ते. प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे सरावाची भर, पात्राच्या एकूण लेव्हलवर ठरते. आपल्या फायटरने विझर्डची एक लेव्हल घेतली, तर तो सातव्या लेव्हलचा माणूस, म्हणून त्याला अधिक तीन. जादूतही अधिक तीनच. सहा लेव्हल तलवार चालवलेल्या हातातून निघालेला पहिला मंत्र नवशिक्याच्या मंत्रासारखा चाचरत नाही. कँट्रिप नावाच्या बारक्या, फुकट मंत्रांचं बळही एकूण लेव्हलवरच वाढतं, त्यामुळे त्याच्या फायर बोल्टला पहिल्या दिवसापासून दहाबाजूंचे दोन फासे मिळतात, एक नाही. थोडक्यात, धीटपणा, नेम, ऐन वेळी डोकं ठिकाणावर असणं हे माणसाचं असतं, पेशाचं नसतं, असं हे पुस्तक मानतं. मला हे पटतं.

आणि काय मिळत नाही? एक्स्ट्रा अटॅक, म्हणजे एका पाळीत दोन वार करण्याची ताकद, फायटरला पाचव्या लेव्हलला मिळते आणि रेंजरलाही पाचव्याच. पाच लेव्हल फायटर आणि पाच लेव्हल रेंजर असलेल्या माणसाला तीन वार मिळत नाहीत. दोनच. बार्बेरियनला चिलखताशिवाय अंग वाचवता येतं ते शरीराच्या काटकपणावर, मंकला ते जमतं सावध मनावर. दोन्ही पेशे केले तरी जी कला आधी आली तीच राहते, दुसरी येतच नाही. नियम याचं कारण देत नाही, नुसतं सांगून पुढे जातो. कारण तसं उघडच आहे. गुरू दोन झाले तरी हात तेवढेच असतात.

हा कोरडेपणा मला अर्धवट कळला होता तो जुन्या आवृत्त्या उघडून पाहीपर्यंत. मग दिसलं की यातलं जवळजवळ प्रत्येक लहान वाक्य एखाद्या जुन्या जखमेवरची खपली आहे.

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ छापून आला तेव्हा क्लास तीनच होते, आणि एल्फ एका मोहिमेला लढवय्या म्हणून निघायचा, पुढच्या मोहिमेला जादूगार म्हणून. 1978 च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' पुस्तकाने दोन वेगळ्या वाटा आखल्या. एल्फ, बुटके वगैरे मंडळींनी दोन पेशे एकदमच चालवायचे आणि एक्सपी निम्मे निम्मे वाटून घ्यायचे. माणसाने मात्र पहिला पेशा सोडून दुसरा धरायचा, आणि नव्या पेशातली लेव्हल जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुनी विद्या वापरायची नाही. वापरली तर त्या मोहिमेचे एक्सपी बुडाले. या नियमातलं नाट्य मला फार आवडतं. आठव्या लेव्हलचा तलवारबाज भुतासमोर उभा आहे, हातात काठी, डोक्यात एकुलता एक मंत्र, आणि त्याला पक्कं ठाऊक आहे की तलवार उचलली तर जीव वाचेल पण शिकणं थांबेल. गोष्ट म्हणून बेफाम. खेळ म्हणून छळ, कारण बाकीच्या चौघांना संध्याकाळभर त्याला सांभाळत बसावं लागतं.

एल्फांच्या वाटणीतली गंमत आकड्यांत होती. त्या काळी वरची लेव्हल साधारण दुप्पट एक्सपीला पडायची. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीतलं कोष्टक घ्या. 40,000 एक्सपी जमवलेला निव्वळ विझर्ड सहाव्या लेव्हलला असतो. तेवढेच एक्सपी 20,000 आणि 20,000 असे वाटून घेणारा एल्फ विझर्ड म्हणून पाचव्या लेव्हलला असतो, आणि फायटर म्हणूनही पाचव्या. म्हणजे अख्खा दुसरा पेशा एका लेव्हलच्या किमतीत! दुपटीच्या कोष्टकात निम्मं म्हणजे एकच पायरी खाली, हे साधं गणित. याला लगाम म्हणून मानवेतर वंशांवर लेव्हलची कमाल मर्यादा ठेवली होती, पण ती कमाल गाठेपर्यंत बहुतेक टेबलं मोडलेली असायची: कोणाची नोकरी, कोणाचं लग्न.

2000 साली विझर्ड्स ऑफ द कोस्टने तिसरी आवृत्ती काढली आणि हा सगळा पसारा आवरला. सर्व क्लासना एकच एक्सपी कोष्टक, आणि दर लेव्हलला कोणताही क्लास घ्यायची मुभा. कल्पना इतकी स्वच्छ की तिच्यातली गळती लगेच दिसली नाही. चांगल्या सेव्हिंग थ्रोला, म्हणजे विष, जादू, धक्का यांतून निभावण्याच्या फाशाला, प्रत्येक क्लास पहिल्याच लेव्हलला अधिक दोन देत असे, आणि हे सगळे अधिक दोन एकमेकांत मिळत. फायटर, बार्बेरियन, रेंजर अशी प्रत्येकी एक लेव्हल घेतलेल्या तिसऱ्या लेव्हलच्या गड्याचा शरीराचा सेव्ह अधिक सहा व्हायचा. निव्वळ फायटरला तो आकडा आठव्या लेव्हलला दिसतो. क्लासमध्ये असमतोल ठेवला तर वीस टक्के एक्सपी कापण्याचा दंड होता, पण या गड्याच्या तिन्ही लेव्हल समसमान. दंड लागणार कसा? उलट जादूवाल्यांची दैना. पाच लेव्हल विझर्ड, पाच लेव्हल क्लेरिक असा दहाव्या लेव्हलचा माणूस दोन्हीकडे तिसऱ्या पातळीच्या मंत्रावर अडकलेला, आणि त्याच्या बरोबरीचे पाचव्या पातळीवर. लढणाऱ्याला बेरीज, शिकणाऱ्याला भागाकार. हा त्या आवृत्तीचा खरा दोष.

आता 2014 चा मजकूर पुन्हा वाचा. दुसऱ्या क्लासमधून सेव्हिंग थ्रोची प्रावीण्यं मिळत नाहीत. एवढंच विधान, पण त्यामागे तो तिसऱ्या लेव्हलचा गडी उभा आहे.

याच विधानामुळे आणखी एक गोष्ट घडते, ती लेखकांना अभिप्रेत होती की नव्हती सांगता येत नाही, पण या पानांतलं ते सर्वांत कसदार वळण आहे. पहिला क्लास पूर्ण मिळतो, पुढचे सगळे खुडून. म्हणजे क्रम महत्त्वाचा होतो. आधी फायटर आणि मग विझर्ड झालेल्याला सुरुवातीला दहा हिट पॉइंट, जड चिलखत आणि काटकपणाचा सेव्ह. आधी विझर्ड आणि मग फायटर झालेल्याला सहा हिट पॉइंट, बुद्धीचा आणि शहाणपणाचा सेव्ह, आणि चिलखत मिळालं तरी मधल्या वजनाचंच. पुढे दोघांच्याही कागदावर एक फायटर, नऊ विझर्ड असंच लिहिलेलं असेल. तरी हे दोघे वेगळे. बालपणी अंगात भिनलेलं आणि मोठेपणी शिकलेलं यांतला फरक कुठलंही भाष्य न करता एका कोष्टकात बसवला आहे. (याला एक फटही आहे, बऱ्यापैकी विनोदी. क्लेरिकच्या लाइफ डोमेनचं जड चिलखत डोमेनची देणगी म्हणून येतं, सुरुवातीचं प्रावीण्य म्हणून नाही, त्यामुळे खुडणीतून सुटतं. देवाच्या दारातून आलेल्याला जकात नाही.)

आणि आता मंत्रांचा भाग, ज्याच्यासाठी मी या पानांकडे वारंवार परत येतो. तिसऱ्या आवृत्तीत क्लेरिक-विझर्ड उपाशी मेला होता. त्याला जेवायला घालायचं, पण पंगतीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त नाही, हा पेच. 2014 च्या लेखकांनी जादूचे दोन तुकडे केले. मंत्र माहीत असणं ही एक गोष्ट, आणि मंत्र टाकायला लागणारी शक्ती, म्हणजे स्पेल स्लॉट, ही दुसरी. शक्तीची बेरीज होते: विझर्ड, क्लेरिक, बार्ड, ड्रुइड, सॉर्सरर यांच्या लेव्हल पूर्ण धरायच्या, पॅलाडिन आणि रेंजरच्या निम्म्या, आणि जादू शिकलेल्या फायटर वा रोगच्या एक तृतीयांश. ज्ञानाची बेरीज होत नाही. प्रत्येक क्लासचे मंत्र जणू तुम्ही फक्त त्याच क्लासचे आहात असं समजून ठरवायचे.

म्हणजे तोच पाच-पाच लेव्हलचा माणूस इथे दहाव्या लेव्हलच्या जादूगाराचे स्लॉट घेऊन बसतो, त्यांत पाचव्या पातळीचेही दोन. पण त्याला येणारे मंत्र अजून तिसऱ्या पातळीपर्यंतचेच. भांडं मोठं, त्यात ओतायचं तेवढंच. मग तो काय करतो? तिसऱ्या पातळीचा फायरबॉल पाचव्या पातळीच्या स्लॉटमधून टाकतो आणि आठ फाशांऐवजी दहा फासे उचलतो. बरोबरीचा निव्वळ विझर्ड त्याच स्लॉटमधून असं काहीतरी करतो ज्याचं नावही याला माहीत नाही. कमीपणा तर आहे, पण उपासमार नाही. ज्यांनी दोन विषय घेऊन आयुष्य काढलं आहे, त्यांना ही अवस्था ओळखीची वाटेल: दम आहे, समज आहे, साध्याच गोष्टी जोरात करता येतात, पण एकाच विषयात पुढे गेलेल्यांच्या शेवटच्या दोन खोल्या कायम बंद.

यामुळे किंमत वसूल होते ती मुख्यतः उशिरातून. पाचवी लेव्हल हा या खेळातला उंबरठा आहे. फायटरला दुसरा वार तिथे मिळतो, विझर्डला फायरबॉल तिथेच. तीन फायटर, दोन विझर्ड असलेल्याकडे पाचव्या लेव्हलला दोन्ही नसतं. गुण वाढवण्याची संधीही क्लासच्या लेव्हलवर येते, म्हणून तीन-तीन लेव्हल घेतलेला माणूस सहाव्या लेव्हलला एकही संधी न मिळता उभा असतो, तेव्हा निव्वळ फायटरच्या पदरात दोन पडलेल्या असतात. टेबलावर हा काळ कंटाळवाणा जातो, हे खरं. समतोल कागदावर साधला म्हणून मंगळवारच्या रात्री मजा येईलच असं नाही.

मजा येते ती मात्र वाचनातून. बार्बेरियन आणि रोगची जोडी घ्या. रोगचा स्नीक अटॅक नाजूक हत्याराने करावा लागतो, फिनेस प्रकारच्या. पण असं हत्यार असावं एवढीच अट आहे. वार चपळाईनेच करावा असं कुठेही म्हटलेलं नाही. बार्बेरियनचा बेभान वार आणि संतापाची भर, दोन्हींना ताकदीचा वार लागतो. तेव्हा रेपियरसारखी सडपातळ तलवार घेऊन ती कुऱ्हाडीसारखी हाणणारा रानदांडगा नियमात चोख बसतो. दर पाळीला बेभान, म्हणून दर पाळीला फासा दोनदा, म्हणून दर पाळीला स्नीक अटॅक, आणि यात चोरून काहीच चाललेलं नाही. हे चित्र कोणी मुद्दाम काढलेलं नाही. दोन परिच्छेद शेजारी ठेवल्यावर ते आपोआप उभं राहतं. शिवाय हा गडी मोडत काहीच नाही. बार्बेरियन-विझर्डला मात्र संतापानेच कुंपण घातलं आहे, कारण संतापात मंत्र टाकता येत नाही. तिथे मल्टिक्लासिंगच्या पानांना बोलावंच लागत नाही.

वॉरलॉकपाशी ही बांधणी ढिली पडते. त्याचे स्लॉट थोडेच, पण नेहमी वरच्या पातळीचे, आणि तासाभराच्या विश्रांतीने परत भरणारे. ते बेरजेच्या कोष्टकाबाहेर ठेवले आहेत, हे ठीक. पण दोन्ही साठे एकमेकांसाठी वापरायची मुभा दिली आहे. सॉर्सररला स्लॉट मोडून पॉइंट करता येतात आणि पॉइंटचे पुन्हा स्लॉट. तेव्हा तासभर टेकायचं, वॉरलॉकचे स्लॉट मोडायचे, सॉर्सररचे बनवायचे, आणि रात्रीची झोप मात्र कधीच घ्यायची नाही, कारण बनवलेले स्लॉट झोपेनंतर नाहीसे होतात. खेळाडूंनी या जागरण करणाऱ्याला 'कॉफीलॉक' म्हटलं. 2017 च्या 'झॅनाथर्स गाइड'ने चोवीस तास झोप न घेणाऱ्याला थकव्याचा फासा लावला, पण त्याच पुस्तकाने हेक्सब्लेडही आणला: वॉरलॉकची एकच लेव्हल, आणि तलवार ताकदीऐवजी व्यक्तिमत्त्वाच्या जोरावर चालते. पॅलाडिनने ती एक लेव्हल घेतली की त्याचे मंत्र, त्याची तलवार, सगळं एकाच गुणावर. हा डाव मला कधीच आवडला नाही. इतर जोड्यांत माणूस दोन गुणांमध्ये फाटतो आणि त्या फाटण्यातच त्याचं पात्र असतं. इथे फाटणंच रद्द.

फाटण्याचा विषय आला म्हणून 13 या आकड्याबद्दल. दुसरा क्लास घ्यायचा तर त्याचा मुख्य गुण किमान 13 हवा, आणि सध्याच्या क्लासचाही. या दुसऱ्या अटीवर अनेक जण चिडतात. मला ती नेमकी वाटते: आहे तो पेशा धड न जमणाऱ्याला दुसरीकडे पळून जायची सोय नाही. पात्र घडवताना मिळणारा ठरीव संच 15, 14, 13, 12, 10, 8 असा आहे. वंशाची भर धरण्याआधी त्यात 13 किंवा अधिक असे तीनच आकडे. मंकला चपळाई आणि शहाणपण लागतं, पॅलाडिनला ताकद आणि व्यक्तिमत्त्व. मंक-पॅलाडिनला चार दारं उघडायची आहेत आणि किल्ल्या तीन. लॅरियनच्या 'बाल्डर्स गेट 3' या 2023 च्या व्हिडिओ गेमने ही अट सरळ काढून टाकली. संगणकावर एकट्याने खेळताना ते चालून जातं, कारण शेजारी हिरमुसून बसायला कोणी नसतं. त्याच गेममध्ये वॉरलॉकचा जादा वार फायटरच्या जादा वारात मिसळतो, तिसरा वार मिळतो, आणि फक्त सर्वांत कडक 'ऑनर मोड'मध्ये जुनी शिस्त परत येते.

2024 च्या सुधारित हँडबुकने बरंच शिवून घेतलं. उपक्लास सगळ्यांना तिसऱ्या लेव्हललाच, त्यामुळे एका लेव्हलची उचलेगिरी महाग झाली. फायटरच्या अ‍ॅक्शन सर्जमधून एका पाळीत दुसरा मंत्र टाकायची वाट बंद झाली. पण शस्त्र व्यक्तिमत्त्वावर चालवायची ती सवलत, जी आधी एकट्या हेक्सब्लेडची होती, आता 'पॅक्ट ऑफ द ब्लेड' निवडणाऱ्या कुठल्याही वॉरलॉकला पहिल्याच लेव्हलला मिळते. आणि पॅलाडिन व रेंजरना पहिल्या लेव्हलपासून जादू दिल्यामुळे त्यांच्या निम्म्या लेव्हल आता वरच्या पूर्णांकात धरतात. एकाचं निम्मं पूर्वी शून्य होतं. आता एक आहे.

एवढ्या एका बदलाने नवा पाहुणा आला: पहिली लेव्हल पॅलाडिन, पुढच्या सगळ्या सॉर्सरर. जड चिलखत घालून जन्मलेला, स्लॉटच्या हिशेबात एक पैसाही न गमावलेला. त्याला ताकदीत 13 ठेवावे लागतात, क्लास बदलायला, आणि योगायोगाने तेवढेच त्या साखळीच्या चिलखताला. पाचव्या लेव्हलला त्याच्याकडे तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट असतात, अगदी निव्वळ सॉर्सररइतकेच, आणि त्यांत घालायला तिसऱ्या पातळीचा एकही मंत्र नसतो. फायरबॉल सहाव्या लेव्हलला.